मराठवाड्यातल्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली, संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांतले मानसशास्त्राचे व शिक्षणशास्त्राचे संशोधक, बालरोग विभागातले निवासी डॉक्टर आणि अलीकडे काही अंगणवाडी पर्यवेक्षिका असे अनेक जण मला वर्षभर प्रश्न पाठवतात. त्यातले जे फिरून फिरून येतात ते इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असा प्रयत्न आहे. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बालविकास म्हणजे नक्की काय धरायचं? माझा विषय त्यात बसतो का?

मूल वाढताना त्याच्या शरीरात, हालचालीत, भाषेत, विचारात, भावनांत आणि माणसांशी वागण्यात जे बदल होतात त्यांचा अभ्यास म्हणजे बालविकासाचा अभ्यास. अंगणवाडीतल्या मुलांची उंची, तांड्यावरच्या मुलांची बोली, आजीजवळ वाढणाऱ्या मुलांची झोप हे सगळे विषय यात येतात. विषय बसतो की नाही याची काळजी कमी करा. तुमचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो का, ते आधी पाहा. 'जालना तालुक्यातील बालकांच्या सर्वांगीण विकासाचा अभ्यास' हे शीर्षक झालं, प्रश्न नाही. 'ज्यांना घरी रोज कोणीतरी गोष्ट सांगतं त्या चार वर्षांच्या मुलांचा शब्दसंग्रह जास्त असतो का?' हा प्रश्न आहे.

२. माझा एम.एस्सी.चा प्रबंध तयार आहे. तोच थोडा कापून पाठवला तर चालेल का?

कापून चालत नाही, नव्याने लिहावा लागतो. प्रबंध परीक्षकासाठी असतो. तुम्ही किती वाचलं, किती तक्ते केले हे त्यात दाखवायचं असतं. शोधनिबंध अनोळखी वाचकासाठी असतो आणि त्याला एकच गोष्ट हवी असते : काय विचारलं, कसं शोधलं, काय सापडलं. प्रबंधातले चाळीस तक्ते तीन-चारवर आणा. 'संबंधित साहित्याचा आढावा' हे प्रकरण दीड पानात बसवा. पियाजे आणि व्हायगॉट्स्की या बालविकासाच्या अभ्यासकांची चरित्रं काढून टाका, वाचकाला ती माहीत आहेत. सगळ्यात जास्त जागा पद्धतीला द्या, कारण मराठवाड्यातून गेलेले निबंध बहुतेक वेळा तिथेच अडतात. नमुना कसा निवडला, वय कसं ठरवलं, कोणी मोजलं, कशाने मोजलं हे लिहिलेलंच नसतं.

३. मराठीत लिहू की इंग्रजीत?

दोन्ही भाषांत लिहा, पण वाचक दोन वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. बालरोग, पोषण, मानसशास्त्र या विषयांतलं काम जगभर शोधलं जावं असं वाटत असेल तर मूळ निबंध इंग्रजीत लागतो. मराठी लेख अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पालकांसाठी लिहायचा. त्याला दुय्यम समजू नका. ताराबाई मोडक यांनी 'शिक्षणपत्रिका' चालवली, पुढे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीचं काम उभं केलं. त्या कामाचा विचार महाराष्ट्रभर पोचला तो मराठीतूनच. तोच निकाल मराठीत पुन्हा मांडताना मूळ निबंधाचा उल्लेख स्पष्ट करा आणि हक्क कोणाकडे आहेत ते संपादकाला विचारून घ्या.

४. हे नियतकालिक खरं की पैसे उकळणारं, ते कसं ओळखू?

मला येणाऱ्या प्रश्नांत निम्मे याच प्रकारचे असतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पूर्वी लोक 'केअर यादीत आहे का?' एवढंच विचारायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ती यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि यादीऐवजी निकष सुचवले. त्यांच्या आधारे पडताळणी करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि पर्यायाने तुमच्यावर आली आहे. तरी 'आमचं नियतकालिक यूजीसी मान्यताप्राप्त' असे संदेश व्हॉट्सअॅपवर अजून फिरत असतात. बंद झालेल्या यादीचा दाखला देणाऱ्याकडे लगेच पाठ फिरवा.

आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जा नव्हे. नियतकालिक अस्तित्वात आहे एवढंच तो क्रमांक सांगतो, तो कोणालाही मिळतो. 'इम्पॅक्ट फॅक्टर ७.८' (नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा उल्लेख केला ती संख्या) असं मुखपृष्ठावर छापलेलं असलं तरी ती कोणी दिली ते पाहा. त्या नावाची अधिकृत संख्या क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, बाकीच्यांनी तसंच दिसणारं काहीतरी तयार केलेलं असतं. नियतकालिक स्कोपस, पबमेड किंवा डीओएजे (सर्वांना फुकट वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) यांत आहे का, हे त्या त्या सूचीच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः शोधा. नियतकालिकाच्या पानावरच्या चिन्हांवर विश्वास ठेवू नका. जुन्या नामांकित नियतकालिकाचं नाव चोरून हुबेहूब संकेतस्थळ काढण्याचे प्रकारही होतात, म्हणून पत्ता अक्षरन् अक्षर तपासा.

सात दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याकडे परीक्षण होत नाही. एक निबंध दोन-तीन जाणकारांनी मन लावून वाचायला आठवडे लागतात, बहुधा महिने. मागचे दोन अंक उघडा. एकाच अंकात ऊस लागवड, संत साहित्य, नॅनोकण आणि बालविकास शेजारी शेजारी असतील तर तिथे परीक्षण करणारं कोण असणार?

एका विद्यार्थिनीने अडीच वर्षं तांड्यांवर फिरून गोळा केलेली माहिती अशाच एका ठिकाणी पैसे भरून छापली. छपाईत तक्त्यांचे रकाने उलटसुलट झाले, दुरुस्तीचं पत्र कोणी उघडलंही नाही, आणि तोच निबंध चांगल्या ठिकाणी पाठवायची वाट कायमची बंद झाली. त्या तीनशे मुलांची मापं आज कोणाच्याच उपयोगी नाहीत. याचा मला आजही त्रास होतो. पैसे भरले असतील पण छापलं नसेल, तर आधी लेखी माघार घ्या, तिची पोच मिळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा.

५. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी ही देशभराची सक्ती काढली. विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, म्हणून तुमच्या विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून चालू परिपत्रक लेखी घ्या. मात्र सक्ती गेली म्हणून घाईघाईने कुठेही छापण्याचं (प्रश्न ४) कारणही गेलं, हे विसरू नका.

६. प्रकल्प अधिकाऱ्यांचं परवानगीपत्र आहे. मग नैतिकता समितीची मंजुरी वेगळी लागते का?

लागते. बाल विकास प्रकल्प अधिकारी तुम्हाला अंगणवाडीत येऊ देतात, शिक्षणाधिकारी शाळेत येऊ देतात. तुमच्या अभ्यासात मुलाला धोका नाही ना, हे पाहणं त्यांचं काम नव्हे. ते काम नैतिकता समिती करते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१७मध्ये मानवी सहभागाच्या संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षी मुलांसाठीची वेगळी तत्त्वंही आली. दोन्ही वाचा. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं.

'माहिती गोळा झाली, आता मंजुरी घेतो' असं होत नाही. मागची तारीख टाकून पत्र देणारे लोक भेटतात. ते पत्र घेतलंत तर तुमचा निबंध पुढे कधीही मागे घेतला जाऊ शकतो. मंजुरीशिवाय गोळा केलेल्या माहितीचं काय करायचं हे समितीलाच सांगून विचारा. बहुधा उत्तर नकार असेल, आणि तो स्वीकारावा लागेल.

७. आई अंगठा लावते. वडील ऊसतोडीला साखर कारखान्यावर आहेत. संमती कोणाची घ्यायची?

आई वाचू शकत नसेल तर माहितीपत्रक तिला समजेल अशा बोलीत वाचून दाखवा आणि अंगठ्याशेजारी एका त्रयस्थ साक्षर साक्षीदाराची सही घ्या. हा साक्षीदार तुमच्या चमूतला नसावा. माझ्या मते सेविकाताईही नसाव्यात, कारण ज्यांच्याकडून पोषण आहार मिळतो त्यांच्यासमोर आई 'नको' म्हणू शकत नाही.

मुलाला स्वतःलाही विचारायचं असतं. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती लागते. त्याहून लहान मूल रडून, तोंड फिरवून नकार सांगतं, तोही ऐकायचा असतो.

आजी-आजोबांकडे ठेवलेल्या मुलांचा प्रश्न अवघड आहे. सांभाळणारी आजी म्हणजे कायदेशीर पालक असं आपोआप होत नाही. आई-वडिलांशी फोनवर बोलून, त्याची नोंद करून, आजीचीही सही घेण्याची पद्धत समितीपुढे आधीच मांडा आणि समिती सांगेल तसं करा. ऊसतोडीसाठी गाव सुटण्याआधी, पोळ्याच्या सुमारास, आई-वडील घरी असतानाच संमती घेतली तर हा पेच येतच नाही.

८. रजिस्टरमध्ये अर्ध्या मुलांची जन्मतारीख १ जून आहे. तीच धरू का?

धरू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि दाखला नसलेल्या मुलाला गुरुजी १ जून देऊन टाकायचे, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. शाळेत नाव घालायला ती तारीख पुरली, संशोधनाला पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार ३६ महिन्यांच्या मुलग्याची उंची ८८.७ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तो खुजा धरला जातो. ४८ महिन्यांना हीच रेषा ९४.९वर जाते. म्हणजे ९२ सेंटिमीटरचा एकच मुलगा तीन वर्षांचा असेल तर ठीक आणि चारचा असेल तर खुजा. सहा महिन्यांची चूकसुद्धा रेषा साधारण तीन सेंटिमीटरने सरकवते. असं पन्नास मुलांत झालं तर तुमचं टक्केवारीचं सगळं प्रकरण पोकळ होतं.

आधी जन्मदाखला मागा, मग माता व बाल संरक्षण कार्ड, मग लसीकरणाची नोंद. काहीच नसेल तर स्थानिक दिनदर्शिका करा. 'पोळ्याच्या आधी की नंतर?', 'सोयाबीन काढणीला आलं होतं का?', 'शेजारच्या घरातलं बाळ याच्या आधीचं का?' अशा प्रश्नांनी महिना बऱ्यापैकी हाती लागतो. लातूर-धाराशिवकडे आईचं वय ठरवताना किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, अजूनही पक्का खुंटा आहे. 'तेव्हा मी पोटात होते' किंवा 'तेव्हा मी पहिलीत होते' असं बायका नेमकं सांगतात. निबंधात किती मुलांचं वय कोणत्या पुराव्यावर ठरलं याचा छोटा तक्ता द्या. परीक्षकाचा विश्वास त्याने मिळतो.

आणखी एक, दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजतात आणि त्यापुढचं उभं करून. पद्धत बदलली तर ०.७ सेंटिमीटरची दुरुस्ती करावी लागते. पाच वर्षांपुढच्या मुलांना २००६ची मानकं लावू नका.

९. परदेशी चाचणीचं मराठी भाषांतर मी स्वतःच केलं. चालेल?

दोन गोष्टी तपासा. चाचणीचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते. बेली या बालविकास चाचणीसारख्या चाचण्या विकत घ्याव्या लागतात, त्यांच्या झेरॉक्स प्रती वापरून केलेला अभ्यास चांगलं नियतकालिक घेत नाही. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डॉ. प्रमिला फाटक यांची, बडोद्यातल्या कामातून उभी राहिलेली 'दासी' ही भारतीय चाचणी आधी विचारात घ्या.

मग भाषांतर. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते उलट इंग्रजीत आणायचं, फरक समोर ठेवून बसायचं, आणि शेवटी दहा-पंधरा आयांना विचारून पाहायचं. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. 'चमच्याने खातो का?' याला सगळ्या आया नाही म्हणाल्या, कारण घरात मूल भाकरी कुस्करून हातानेच खातं. 'पायऱ्या चढतो का?' असं विचारलं तर घराला पायऱ्याच नाहीत, पण मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या ते रोज चढतं. प्रश्न तसा बदलायचा, पण हक्कधारकाला कळवून, आणि बदल निबंधात नोंदवून.

तांड्यावरच्या मुलाला शाळेच्या मराठीत 'आई कुठे आहे?' विचारलं आणि ते गप्प राहिलं, तर त्याची भाषा मागे आहे असं लिहू नका. ते घरी 'याडी' म्हणतं. गोरमाटी (बंजारा बोली), दखनी, देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड अशा घरभाषांची नोंद घेतल्याशिवाय मराठवाड्यात भाषाविकासाचा कोणताही निष्कर्ष मांडू नये, असं माझं ठाम मत आहे.

१०. ऑगस्टमध्ये १८० मुलं होती, जानेवारीत ९५ उरली. उरलेल्यांवरच निबंध लिहू का?

लिहा, पण गेलेली मुलं लपवू नका. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्यानंतर परततात. मुलं आई-वडिलांबरोबर कोपीवर (तिथल्या झोपडीत) जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीकडे. गावात उरलेलं मूल बहुधा थोडी जमीन किंवा थोडं बरं घर असलेल्या कुटुंबातलं असतं. फक्त त्यांची सरासरी काढली तर उपक्रमामुळे मुलं सुधारली असं दिसेल, प्रत्यक्षात गरीब मुलं मोजणीतून गळालेली असतील.

किती मुलं सुरुवातीला होती, किती गेली, कुठे आणि का, हे आकृतीत दाखवा. गेलेल्या आणि उरलेल्या मुलांची पहिली मापं शेजारी ठेवा. पुढचा अभ्यास आखताना दोन्ही मोजण्या जून ते सप्टेंबर या काळात बसवा, नाहीतर प्रवासखर्च धरून फडावर जायची तयारी ठेवा. काही जण ऊसतोड कुटुंबं आधीच वगळतात. मग शीर्षकात 'मराठवाड्यातील बालके' असं लिहायचा अधिकार त्यांना राहत नाही.

११. तीन महिने गोष्टींचा उपक्रम चालवला, आधी-नंतर चाचणी घेतली. नोंदणी लागते म्हणतात, ती काय?

मुलांच्या गटांना वेगवेगळा उपक्रम देऊन परिणाम पाहिला तर तो हस्तक्षेपाचा अभ्यास ठरतो. आरोग्यविषयक नियतकालिकं अशा अभ्यासाची सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत नोंद मागतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण ती पहिलं मूल सामील होण्याआधी व्हावी लागते. १ एप्रिल २०१८पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. तुमचा उपक्रम नोंदणीविना संपला असेल तर ते निबंधात सरळ लिहा आणि अशी नोंद सक्तीची नसलेलं शिक्षणविषयक नियतकालिक शोधा.

१२. निकाल 'फरक नाही' असा आला. कोण छापणार?

छापतात. खर्चाचा एखादा उपक्रम चालत नाही हे कळणं जिल्हा परिषदेसाठी मोलाचं असतं. फक्त तुमचा नमुना फरक दिसण्याइतका मोठा होता का, हे आधी तपासा. एकाच अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे दोन अंगणवाड्यांतली साठ मुलं म्हणजे साठ स्वतंत्र मुलं नव्हेत. हे विसरून केलेलं गणित नसलेला फरक 'दाखवतं'.

१३. लेखकांत कोणाकोणाची नावं घालायची? संस्थाचालकांचं नाव घालायला सांगितलं आहे.

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समितीचे चार निकष आहेत : कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हवेत. संस्थाचालक, परवानगी देणारे अधिकारी, आकडेमोड करून देणारा मित्र यांचे आभार माना.

माझ्या पहिल्या निबंधावर एक असं नाव आहे ज्याने एकही मूल पाहिलं नव्हतं. मी तेव्हा 'नाही' म्हणू शकले नाही. उलट ज्या सेविकाताईंनी प्रश्न कसे विचारावेत हे मला शिकवलं, त्यांचं नाव आभारातही आलं नाही. ही माझी चूक आहे. आता मी अभ्यास सुरू होण्याआधीच लेखकांची नावं आणि क्रम कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेते. तुम्हीही घ्या.

१४. माझ्याच प्रबंधाशी ६० टक्के साम्य निघालं. आणि चॅटबॉटची मदत घेतली तर?

प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) असेल तर साम्य दिसणारच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा दुसऱ्याचं काम उचलण्याबद्दल आहे. तरी संपादकाला सोबतच्या पत्रात 'हा निबंध माझ्या प्रबंधातून आला आहे' असं आधीच कळवा, आणि मजकूर नव्याने लिहा (प्रश्न २).

चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही, आणि वापरला तर तसं जाहीर करावं लागतं. मुलांच्या मुलाखती, नावं, मापं तिथे टाकू नका. आईने संमती तुम्हाला दिली होती.

१५. पैसे नाहीत, आणि वाचायला निबंधही मिळत नाहीत.

पैसे न घेणारी नियतकालिकं आहेत, डीओएजेमध्ये शुल्क नसलेली वेगळी काढून पाहता येतात. वाचनासाठी आधी ग्रंथपालांना भेटा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत जानेवारी २०२५पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत, आणि राज्य विद्यापीठंही त्यात येतात. अनेकांना हे ठाऊकच नसतं.

१६. गावाचं नाव लिहू का?

जिल्हा लिहा, तालुका विचार करून लिहा, गाव शक्यतो नको. छोट्या वाडीत एकच मूल ऐकू न येणारं असेल तर 'सहा वर्षांची कर्णबधिर मुलगी, आई एकटी' एवढ्यावरून सगळा शिवार तिला ओळखतो. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपत नाही. बालगृहातल्या किंवा अत्याचारपीडित मुलाची ओळख उघड करणं कायद्यानेच बंद आहे.

१७. मोजताना तीव्र कुपोषित मूल सापडलं. एका मुलीने घरातल्या त्रासाबद्दल सांगितलं. मी तर फक्त माहिती घ्यायला गेले होते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी सेविका, आशा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. पुढे ग्राम बाल विकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्र आहे. विकासात उशीर दिसला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आणि त्याच कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवा. कोणाकडे पाठवायचं याची यादी माहिती गोळा करायच्या आधी खिशात हवी.

लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर गोपनीयतेचं वचन तिथे थांबतं. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर मदत मिळते. 'तुझं बोलणं कोणालाच सांगणार नाही' असं मुलाला कधीच म्हणू नका, आणि हा अपवाद संमतिपत्रात (प्रश्न ७) आधीच लिहा.

१८. निबंध छापून आल्यावर माझीच चूक सापडली. आता?

संपादकाला लगेच लिहा. निष्कर्ष तोच राहत असेल तर शुद्धिपत्र निघतं. निष्कर्षच बदलत असेल तर निबंध मागे घ्यावा लागतो, आणि लेखकाने स्वतःहून प्रामाणिक चूक सांगून मागे घेतलेला निबंध हा कलंक नाही.

गावात निकाल सांगितला असेल तर तिथेही परत जावं लागतं. आमच्या एका अभ्यासात मुलींची उंची मुलग्यांच्या तक्त्यावर लावली गेली होती, त्यामुळे खुज्या मुलींचा आकडा फुगला होता. शुद्धिपत्र गेलं. मग आम्ही अंगणवाडीत आयांना पुन्हा बोलावलं आणि कोणत्या मुलींचा निकाल बदलला ते एकेकीला वेगळं बसवून सांगितलं. एक आई म्हणाली, तिने त्या निकालावरून सासूची बोलणी खाल्ली होती. त्यानंतर तिच्या सासूलाही बोलावून आम्ही तेच पुन्हा सांगितलं, आणि सेविकाताईंनी भिंतीवरचा जुना तक्ता काढून नवा लावला.